हॉकर हरिकेनचं मॉडेल: जोडणी, रंग आणि वेदरिंग

लढाऊ विमानाचं मॉडेल जोडून आणि रंगवून झालं की नवशिक्याला एक मोह हमखास होतो. चंदेरी रंग घ्यायचा आणि पंखांच्या कडा, झाकणं, शेपूट, जिथे जागा दिसेल तिथे रंग उडाल्याचे ठिपके देत सुटायचं, मग वरून सगळीकडे काळा वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, फिरवायचा. अशाने विमान वापरलेलं दिसत नाही, नुसतं मळकट दिसतं. खऱ्या विमानावरचा प्रत्येक डाग कशाने तरी पडलेला असतो. वैमानिकाच्या बुटाने, मेकॅनिकच्या पान्याने, इंजिनाच्या धुराने, धावपट्टीवरच्या धुळीने. तेव्हा कुंचला टेकवण्याआधी दर वेळी विचारायचं, हा डाग इथे का पडला असेल? उत्तर सापडलं तर डाग द्यायचा, नाही सापडलं तर ती जागा स्वच्छ ठेवायची.

हे वेदरिंग, म्हणजे विमान वापरलेलं, झिजलेलं दिसावं म्हणून केलेलं रंगकाम, शिकायला दुसऱ्या महायुद्धातल्या हॉकर हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाइतकं चांगलं विमान मला दुसरं माहीत नाही. सिडनी कॅम यांनी आराखडा केलेल्या या विमानाने ६ नोव्हेंबर १९३५ रोजी पहिलं उड्डाण केलं आणि पुढे ती चौदा हजारांहून अधिक बनली. १९४४ साली इम्फाळच्या लढाईत स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाची क्रमांक १ स्क्वाड्रन हरिकेनच उडवत होती. आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते त्याचं अंग. नाकापासून कॉकपिटपर्यंत धातूचे पत्रे, पंखांवरही धातूचा पत्रा. कॉकपिटच्या मागे मात्र पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि त्यावर डोप (कापड ताठ करणारं वॉर्निश) लावून ताणलेलं लिननचं कापड. शेपटीचे भाग, सुकाणू, एलेव्हेटर (शेपटीवरचे वर-खाली हलणारे भाग), एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) हेही कापडाचेच. कापडावरचा रंग उडाला तरी खाली चमकणारा धातू नाही. म्हणजे हरिकेनच्या मागच्या अर्ध्या अंगावर एकही चंदेरी ठिपका देता येत नाही. हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढचं पुष्कळसं वेदरिंग आपोआप सुचतं.

किट आणि हत्यारं

हरिकेनच्या पंखांचा विस्तार १२.१९ मीटर. १/७२ प्रमाणात तो सुमारे १७ सेंटिमीटर होतो आणि १/४८ मध्ये २५ सेंटिमीटरच्या जरा वर. १/७२ च्या किटमध्ये भाग कमी असतात आणि जागाही कमी लागते. पण वेदरिंग शिकायचं असेल तर मी १/४८ घ्यायला सांगेन. त्यात हात फिरवायला जागा मिळते आणि चुकलेला डाग पुसताना शेजारचा चांगला डाग जात नाही. चार तोफांचा मार्क २ सी हा हरिकेनचा प्रकार निवडा, म्हणजे या लेखातल्या खुणा जशाच्या तशा लागू पडतील.

हत्यारं फार लागत नाहीत. स्प्रू (सुटे भाग ज्याला जोडलेले येतात ती प्लॅस्टिकची चौकट) कापायचा निपर, धारदार हॉबी नाइफ, टोकदार चिमटा, ४०० पासून २००० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर, पातळ प्लॅस्टिक सिमेंट, थोडी पुट्टी, मास्किंग टेप आणि तीन-चार चांगले ब्रश. एअरब्रश असेल तर उत्तमच, पण नाही म्हणून थांबू नका. पातळ केलेल्या अक्रिलिक रंगाचे तीन हात ब्रशने नीट दिले तरी कॅमफ्लाज छान उतरतो. खिडकी उघडी ठेवा. रंग फवारताना आणि प्लॅस्टिक कोरडं घासताना मास्क लावा. ते कण आणि ती वाफ फुप्फुसात जायला नको.

एक गोष्ट दुकानात मिळत नाही, ती म्हणजे तुम्ही ज्या विमानाचं मॉडेल करताय त्याचे त्या काळातले फोटो. किटच्या डब्यावरचं चित्र कितीही देखणं असलं तरी तो पुरावा नव्हे. संग्रहालयातलं विमानही जपून वापरा. त्याला नंतर नवा रंग दिलेला असतो आणि ते रोज उडत नाही.

जोडणी

स्प्रू आधी कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून धुऊन घ्या. साच्यातून प्लॅस्टिक सुटावं म्हणून वापरलेलं तेलकट द्रव्य राहिलं असेल तर त्यावर रंग धरत नाही. भाग कापताना एकदम अंगालगत कापू नका. आधी लांबून कापायचं, मग उरलेला खुंट दुसऱ्या कापात काढायचा आणि शेवटचा अंश पॉलिश पेपरने घासायचा. अंगालगत एकाच कापात तोडलं तर प्लॅस्टिकला पांढरा ताण पडतो किंवा खळगा होतो, आणि तो रंगाखालूनही दिसतो.

सिमेंट लावण्याआधी प्रत्येक जोड सुका लावून बघा. पातळ सिमेंट हा चिकटवायचा गोंद नाही. ते प्लॅस्टिक विरघळवतं आणि दोन भाग एकजीव करतं. म्हणून दोन्ही भाग आधी एकमेकांना टेकवून धरायचे आणि ब्रशचं टोक फटीला नुसतं लावायचं. सिमेंट आपणहून फटीत धावतं. फक्त तुमचं बोट त्या फटीवर नको, नाहीतर ठसा कायमचा उमटतो.

सुरुवात कॉकपिटपासून करा, कारण ते आत बंद होतं. ब्रिटिश विमानांच्या कॉकपिटचा राखाडी-हिरवा रंग बहुतेक मॉडेल-रंगांच्या कंपन्या तयार देतात. तो वाळला की गडद तपकिरी पातळ वॉश कोपऱ्यांत सोडा. मग त्याच रंगाची फिकट छटा जवळजवळ कोरड्या ब्रशवर घेऊन उंचवट्यांवरून हलकेच फिरवा. सीटचे पट्टे अवश्य लावा. कॅनोपीतून, म्हणजे कॉकपिटवरच्या काचेतून, आत पाहणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

फ्युजलाजचे, म्हणजे विमानाच्या अंगाचे, दोन अर्धे जोडले की पाठीवर आणि पोटावर सांधा दिसतो. पुढच्या धातूच्या भागात तो पुट्टी भरून बिनधास्त घासा. मागच्या कापडी भागात मात्र जपून. तिथे लांबीला समांतर बारीक उंचवटे आहेत, ते कापडाखालच्या लाकडी पट्ट्यांचे. जोरात घासलं तर तेच सपाट होतात आणि हरिकेनची ओळख जाते. तिथे पॉलिश पेपरची अरुंद पट्टी घ्या, नेमकी सांध्याइतकीच, आणि उंचवट्यांच्या दिशेने चालवा. पंख आणि अंगाचा जोड, पोटाखालचा रेडिएटर आणि नाकाखालचा धुळीचा फिल्टर या तीन जागी फट राहतेच असं समजून चला.

पारदर्शक भागांना सुपरग्लू लावू नका, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. वाळल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद पुरतो. कॅनोपीच्या पट्ट्या सोडून बाकी काचेवर मास्किंग टेप लावून घ्या. काम कंटाळवाणं आहे खरं, पण मॉडेल चांगलं दिसणं निम्मं यावर अवलंबून असतं.

प्रायमर आणि रंग

राखाडी प्रायमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) पातळ हात द्या आणि उजेडात तिरपं धरून बघा. बुजला असं वाटलेला सांधा इथे हमखास पुन्हा दिसतो. घासा, पुन्हा प्रायमर द्या. या टप्प्याला घाई करू नका; रंगावर रंग चढले की सांधा दुरुस्त करणं फार जिवावर येतं.

बर्मा आघाडीवरच्या हरिकेनला बहुधा वरून डार्क ग्रीन आणि डार्क अर्थ, म्हणजे गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, आणि खालून मीडियम सी ग्रे असे रंग दिसतात. तिथल्या गोल चिन्हात लाल रंग नसे. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गफलत होऊन आपल्याच माणसाने गोळी घालू नये म्हणून तो काढला होता. तेव्हा डिकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चिन्हांच्या) पानावर लाल मध्याचं चिन्ह असेल तर ते दुसऱ्या आघाडीचं समजा.

आधी खालचा राखाडी, मग तपकिरी, मग हिरवा. हिरव्याची कड हाताने फवारता येते. हाताचा भरवसा नसेल तर पुन्हा निघणाऱ्या चिकट पुट्टीचे बारीक दोर कडेला ठेवा आणि मधली जागा टेपने झाका. दोर गोल असल्यामुळे कड किंचित मऊ येते. ब्रशने रंगवणार असाल तर दर वेळी आधीचा हात पूर्ण वाळू द्या आणि पुढचा हात आडव्या दिशेने फिरवा.

बाटलीतला रंग जसाच्या तसा लावला की मॉडेल खेळण्यासारखं दिसतं. उन्हात उभ्या राहणाऱ्या विमानाचा रंग विटतो, आणि सगळीकडे सारखा विटत नाही. मूळ रंगात थोडा पांढुरका किंवा पिवळसर रंग मिसळून अगदी पातळ करा आणि वरच्या पृष्ठभागावर, पत्र्यांच्या मधोमध, ढगाळ ठिपक्यांनी फवारा. कापडी भागात हीच फिकट छटा उंचवट्यांच्या रेषेवर ओढा. पट्ट्यांवर ताणलेलं कापड लगेच डोळ्यांना जाणवतं. एखादा एलेरॉन किंवा सुकाणू जरा ताजा ठेवलात तरी चालेल. फाटलेलं कापड बदलून नवीन रंगवलं असणार, हे पाहणाऱ्याला पटतं.

डिकल

मॅट रंगावर थेट डिकल लावलं तर खडबडीत पृष्ठभागात हवा अडकते आणि कडेने चंदेरी झाक दिसते. म्हणून आधी ग्लॉस वॉर्निश. डिकल कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडवून बाहेर काढून ठेवा, आपोआप सुटू द्या, मग जागेवर सरकवा. मऊ करणारं सेटिंग सोल्यूशन लावलं की ते पत्र्यांच्या रेषांत आणि कापडाच्या उंचवट्यांवर बसतं. त्या वेळी त्याला सुरकुत्या पडतात. घाबरून हात लावू नका, वाळताना त्या जातात. वाळल्यावर पुन्हा एक ग्लॉस हात.

वेदरिंग

पहिला वॉश. तेलरंगातला गडद तपकिरी व्हाइट स्पिरिटमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करा आणि ब्रशचं टोक पत्र्यांच्या रेषेला लावा. तो रेषेतून धावत जातो. खालच्या राखाडी भागासाठी काळा-तपकिरी नको, गडद राखाडी घ्या. अक्रिलिक वॉर्निश नीट वाळलेलं असेल तर व्हाइट स्पिरिट त्याला काही करत नाही. अर्ध्या तासाने जादा वॉश कापसाच्या काडीने पुसा, आणि तोही पुढून मागे, हवा वाहते त्या दिशेने. जे पुसायचं राहील ते मग वाऱ्याने ओढल्यासारखं दिसतं. कापडी भागात रेषा कमीच आहेत. तिथे वॉश उंचवट्यांच्या मधल्या खोलगट पट्ट्यात हलकासा सोडा, रेखीव करू नका. यानंतर मॅट वॉर्निश.

आता रंग उडाल्याच्या खुणा. इथे आधी एक हिशेब मांडून घ्या. १/४८ मध्ये १ मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या विमानावर ४.८ सेंटिमीटरचा पट्टा. १/७२ मध्ये तोच ७.२ सेंटिमीटर. पान्याने उडालेला रंग एवढा मोठा कसा असेल? म्हणून सर्वांत बारीक ब्रश घ्यायचा, किंवा स्पंजचा तुकडा रंगात बुडवून कागदावर जवळजवळ पूर्ण टिपून मग टेकवायचा. चंदेरी रंगात थोडा राखाडी मिसळा. उघडं पडलेलं ॲल्युमिनियम फार दिवस लखलखत नाही.

जागा कुठल्या? वैमानिक डावीकडून चढतो. पंखामागे अंगातून खाली येणाऱ्या पायरीवर पाय ठेवून तो डाव्या पंखाच्या मुळाशी येतो आणि तिथून कॉकपिटमध्ये. म्हणजे डाव्या पंखाच्या मुळाशी सर्वांत जास्त झीज, तीही मधोमध नाही, पाय पडतो त्या पट्ट्यात. इंजिनावर काम करणारे दोन्ही पंखांवर उभे राहतात, म्हणून उजवीकडेही थोडी द्या, पण कमी. इंजिनाची झाकणं वारंवार उघडतात, त्यांच्या कडांना आणि खिळ्यांभोवती बारीक ठिपके. पंखांवरच्या तोफांच्या झाकणांनाही तसंच, कारण दारूगोळा भरायला ती रोज उघडावी लागतात. पंखांच्या पुढच्या कडेला धूळ आणि खडे लागून थोडं. झालं, एवढंच. कॉकपिटच्या मागे शून्य. नाकावरच्या पंख्याची (प्रोपेलरची) पातीही बघून घ्या. रोटोल कंपनीची बरीच पाती दाबलेल्या लाकडाची असत, त्यांना चंदेरी कड देऊ नका. काळा रंग झिजून राखाडी झाल्यासारखं दाखवलं की पुरे.

कापडावर चंदेरी खुणा नसल्या तरी तेल बसतं, आणि हरिकेनचं पोट कोरडं राहत नाही. इंजिनातून गळलेलं तेल हवेच्या रेट्याने पोटाखालून शेपटीच्या चाकापर्यंत जातं. तेलरंगातला गडद तपकिरी आणि थोडा काळा यांचे टिंब रेडिएटरच्या मागे द्या आणि व्हाइट स्पिरिटने जेमतेम ओल्या चपट्या ब्रशने मागे ओढा. पहिला पट्टा रुंद आणि फिका, त्यावर दोन-तीन अरुंद आणि गडद. तेलाची टाकी डाव्या पंखाच्या मुळाशी, पुढच्या कडेत असते. तिथे सांडलेल्या तेलाचा एक लहानसा चमकदार डाग शोभतो. दोन्ही बाजूंना पंखाच्या मुळाशी पेट्रोल भरायची झाकणं आहेत. त्यांच्यामागे फिकट, धुतल्यासारखा ओघळ द्या. पेट्रोल तेलासारखा काळा डाग पाडत नाही, मळ धुऊन नेतं. तेलाच्या डागावर शेवटी थोडं ग्लॉस वॉर्निश लावा, बाकी सगळं मॅट असल्याने तो ओला दिसेल.

एक्झॉस्टचा धूर पुष्कळजण नुसता काळा करतात. फोटो नीट पाहिले तर नळ्यांच्या लगेच मागे तो राखाडी, कधी मातकटसर दिसतो आणि कडेला काळपट होत जातो. पेट्रोलमधलं शिसं आणि मिश्रणाचं प्रमाण यांचा तो परिणाम. आधी काळपट-तपकिरी रंगाचा अगदी पातळ, लांब पट्टा फवारा. एअरब्रश नसेल तर पेस्टल खडूची पूड मऊ ब्रशने चोळा. मग त्याच्या मधोमध, नळ्यांजवळ, फिकट राखाडी. पट्टा अंगालगत, पंखाच्या मुळावरून मागे जातो आणि कापडी भागात पोचेपर्यंत विरत जातो. दोन्ही बाजूंचे पट्टे हुबेहूब सारखे करू नका. पंखांच्या खाली काडतुसांची टरफलं बाहेर पडतात त्या फटींच्या मागेही काजळीचे छोटे फटकारे द्या. विमान लढून आलंय हे तेवढ्यावरून कळतं.

शेवटी धूळ. इम्फाळच्या खोऱ्यातल्या कोरड्या हंगामासाठी पिवळसर-तपकिरी पिगमेंट, म्हणजे रंगाची कोरडी पूड, घ्या. पावसाळ्यातलं विमान दाखवायचं असेल तर तीच पूड गडद करून थोड्या मॅट वॉर्निशमध्ये कालवा आणि चिखल म्हणून वापरा. दोन्ही एकाच विमानावर नको, ऋतू एकच ठरवा. चाकं आतल्या बाजूला मिटतात, म्हणून चाकांच्या खोबणीत आणि झाकणांच्या आत माती आलीच. चाकांनी उडवलेली माती मागे फ्लॅपच्या (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपांच्या) खालच्या बाजूला लागते. वर पंखाच्या मुळाशी बुटांची धूळ. बाकी वरचा पृष्ठभाग जवळजवळ सोडून द्या.

प्रत्येक टप्प्यानंतर मॉडेल हातभर लांब ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. फोनवर फोटो काढून काळा-पांढरा करून जुन्या फोटोशेजारी ठेवलात तर जास्त झालेलं लगेच खटकतं. तेलरंगाचा डाग पहिल्या दिवशी व्हाइट स्पिरिटने बऱ्यापैकी मागे घेता येतो, म्हणून शंका आली की त्याच दिवशी पुसा.

तोफांच्या नळ्या, पिटो ट्यूब (वेग मोजणारी नळी), आरसा, अँटेनाचा खांब, चाकांची झाकणं हे सगळं आता लावायचं. आधी लावलं असतं तर यातलं निम्मं तुटलं असतं. चाकांचे टायर जमिनीला टेकतात तिथे पॉलिश पेपरने किंचित सपाट करा, म्हणजे विमानाचं वजन जाणवतं. कॅनोपीवरची टेप सुरीच्या टोकाने एका कोपऱ्यातून सोडवून चिमट्याने हळू ओढा. कडेला गोंद राहिला तर ओल्या कापसाच्या काडीने निघतो. थिनर काचेजवळ नेऊ नका. मग मॉडेल काचेच्या पेटीत, थेट ऊन येणार नाही अशा जागी ठेवा. उन्हाने डिकलचे रंग विटतात, आणि पिगमेंटवर साचलेली धूळ झटकता येत नाही, ती आपल्या कामासकट निघते.